भाचीची यादी आणि अरबी आखाडा

भाचीनं दोह्याहून एक यादी पाठवली. ती तिथं स्पर्धा भरवणाऱ्या एका कंपनीत नुकतीच लागली आहे. संघांची नोंदणी, वेळापत्रक, कोण आलं, कोण आलं नाही, कुणाला कुठली खोली, असलं सगळं तिच्याकडं. ऑफिसात बोलणं इंग्रजीत, पण येणारी निम्मी पत्रं अरबीत. तिनं इंग्रजी क्रियापदांचा एक तक्ता केला होता: टेक पार्ट इन, जॉइन इन, साइन अप, गो इन फॉर, टेक ऑन, कॅच अप, फॉल बिहाइंड, गिव्ह अप, ड्रॉप आउट, पुल आउट, नॉक आउट, रूल आउट. समोरचा रकाना रिकामा, आणि खाली एक ओळ: "मामा, तेवढं ह्याच्यासमोर अरबी लिहून दे की."

मी रकाने भरून पाठवले नाहीत. आधी फोन केला, मग तासभर बोललो, आणि शेवटी ती म्हणाली हे सगळं लिहूनच काढ. म्हणून हे.

माझं अरबी शिक्षण कुठल्या विद्यापीठातलं नाही. मी बरीच वर्षं दोह्यात खेळाच्या सामानाच्या एका दुकानात गोदाम सांभाळलं. बॉल, जाळी, बूट, शिट्ट्या, गुडघ्याला बांधायचे पट्टे. आमचा हिशेबनीस सुदानचा होता, आधी शाळामास्तर असलेला. संध्याकाळी चहा घेताना मी तुटकंमुटकं अरबी बोलायचो आणि तो प्रत्येक क्रियापदाला अडवायचा: "मआ मन?" कुणाबरोबर? मी म्हणायचो, आज भांडण झालं. "मआ मन?" करार झाला. "मआ मन?" सुरुवातीला वैताग यायचा. पुढं कळलं की तो मला अर्धं अरबी व्याकरण ह्या दोन शब्दांत शिकवत होता. आता मी सांगलीवाडीत परत आलोय आणि जत्रांच्या हंगामात आसपासच्या गावांत कुस्ती मैदानाचा पुकारा करतो. तिथंही पहिला प्रश्न तोच. अमक्या तालमीचा पैलवान तयार आहे, बरं, कुणाबरोबर? जोड ठरल्याशिवाय माईक हातात घेऊन उपयोग नाही.

इंग्रजीची रीत अशी की चार-पाच साधी क्रियापदं घ्यायची, टेक, गिव्ह, गो, ड्रॉप, पुल, आणि मागं इन, आउट, अप लावून अर्थ फिरवायचा. ती शेपटं तोडून अरबीत आणायला गेलं की काहीच हाती लागत नाही. 'गिव्ह अप'मधला 'गिव्ह' अरबीत 'अअता' होतो आणि 'अप' होतो 'फौक', पण दोन्ही जोडून कुणी हार मानत नाही. आपण मराठीत तिसरंच करतो. एक नाम धरतो आणि त्याला घेणे, देणे, खाणे, मारणे ह्यातलं एक जुंपतो: भाग घेणे, माघार घेणे, टक्कर देणे, कच खाणे, बाजी मारणे. अरबी मात्र फरक क्रियापदाच्या पोटात करते. तीन व्यंजनांचा धातू असतो, तो वेगवेगळ्या साच्यांतून काढायचा. सोऱ्यातलं पीठ तेच, चकती बदलली की शेवेची चकली होते, तसं. शब्दकोशसुद्धा धातूंच्या क्रमानं लावलेला असतो, त्यामुळं साचा ओळखता आला नाही तर शब्द सापडतच नाही.

तिच्या यादीसाठी त्यातले दोन साचे पक्के केले तरी निम्मं काम झालं.

पहिल्यात धातूच्या पहिल्या अक्षराला काना लागतो. शारक, नाफस, साबक, वाजह. (क्रियापदं मी 'त्यानं केलं' ह्या भूतकाळी रूपात देतोय, अरबी कोशात तसंच असतं.) ह्या साच्यात क्रिया बहुतेक वेळा समोरच्या कुणावर तरी रोखलेली असते, किंवा कुणाच्या तरी जोडीनं चाललेली असते. शारक म्हणजे सहभागी झाला, आणि तो 'फी' घेतो, म्हणजे 'मध्ये': शारक फी. टेक पार्ट इन एवढ्यात संपलं. नाफस म्हणजे त्याच्याशी स्पर्धा केली. साबक म्हणजे त्याच्याशी शर्यत लावली. वाजह म्हणजे तोंडासमोर उभा राहिला, कारण वज्ह म्हणजे चेहरा. तिच्या यादीतलं 'टेक ऑन' हेच. आणि सारअ म्हणजे कुस्ती धरली. मूळ धातू सरअ, जमिनीवर पाडलं. एकानं पाडलं तर सरअ. दोघं एकमेकांना पाडायच्या खटपटीत असतील तर सारअ.

ह्याच साच्याचं नाम 'मु'नं सुरू होतं आणि क्रीडा विभागातल्या निम्म्या पाट्या त्याच नामांच्या असतात. मुसारआ कुस्ती, मुलाकमा बॉक्सिंग, मुसाबका स्पर्धा, मुनाफसा चढाओढ, मुशारका सहभाग, मुबारा मॅच, मुवाजहा आमनेसामने. भाची म्हणाली, हे सगळे सारखेच वाटतात. वाटणारच, साचा एकच आहे. आणि हा साचा आपल्याला नवीन नाही. मुकाबला, मुलाहिजा, मुशाहिरा, मामला हे शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत आले, मूळचे ह्याच साच्यातले. मामलेदार कचेरीत चकरा मारलेल्या माणसाला हा साचा परका वाटायचं कारण नाही. अर्थ मात्र तपासून घ्यावा. आजच्या अरबीत 'मुकाबला' म्हणजे नोकरीची मुलाखतसुद्धा. तिला पहिल्याच आठवड्यात 'मुकाबला'साठी बोलावल्याची चिठ्ठी आली तेव्हा ती घाबरली होती.

(आपली 'तालीम'ही अरबीच. तिथं तिचा अर्थ शिक्षण. दोह्यात एका सरकारी इमारतीवर हा शब्द वाचून मला आत कुस्तीचा हौदा असेल असं वाटायचं, आणि आत शिक्षण खात्याचे कारकून.)

दुसरा साचा म्हणजे ह्याच रूपापुढं 'त' लावायचा. तनाफस, तसाबक, तसारअ. आता क्रिया एकाकडून दुसऱ्याकडं जात नाही, दोघांच्या मध्ये होते. नाफस म्हटलं की मला कर्ता आणि समोरचा वेगवेगळे सांगावे लागतात. तनाफस म्हटलं की दोघंही कर्ते. हा फरक मराठी माणसाला समजावून सांगायला लागू नये. पैलवान म्हणतो, "मी त्याच्याबरोबर कुस्ती धरली," आणि पुकारणारा म्हणतो, "दोघांची कुस्ती लागली." 'धरली'त एक जण पुढं झाला. 'लागली'त दोघं बरोबरीनं आले. इंग्रजीवाला दोन्हीकडं 'कॉम्पीट' म्हणतो आणि मागं विथ की अगेन्स्ट ह्याच्यावर अडकतो.

ह्यातला माझा लाडका शब्द तआदल. म्हणजे बरोबरी झाली. अदल म्हणजे न्याय, समतोल. आपली अदालत त्याच घरातली. तआदल दुसऱ्या साच्यातच असणार, कारण बरोबरी एकट्याला करता येत नाही. खडाखडी लांबते, कब्जा कुणाचाच टिकत नाही, पब्लिक ओरडायला लागतं, पंच घड्याळ बघतो आणि दोघांचे हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवतो. ते 'दोघांचे हात' अरबीनं क्रियापदातच घालून ठेवलेत.

ह्याच साच्याला आणखी एक अर्थ आहे, आणि तो सांगितल्यावर भाची फोनवर हसत सुटली. त्यातून सोंगही निघतं. मरिद म्हणजे आजारी पडला. तमारद म्हणजे आजारी असल्याचं सोंग केलं. जहिल म्हणजे त्याला माहीत नव्हतं; तजाहल म्हणजे माहीत असून नसल्यासारखं केलं. दोघांनी मिळून करणं आणि खोटं खोटं करणं, दोन्ही एकाच साच्यात. मला ताबडतोब नुरा कुस्ती आठवली. आतून ठरलेली, दोघांची संमती असलेली, दोघांनीही दमल्याचं नाटक केलेली. अरबांनी हा साचा नुरा बघून केलेला नाही हे मलाही कळतं, पण मैदानावर एखादी जोड उगाचच घुटमळायला लागली की माझ्या डोक्यात हा साचा वाजतो. पुकाऱ्यात ते बोलता येत नाही. कमिटी बसलेली असते.

एक धोका तिला आधीच सांगून ठेवला. तनाफस म्हणजे स्पर्धा केली. तनफ्फस म्हणजे श्वास घेतला. धातू एकच, एक काना आणि एक जोडाक्षर एवढाच फरक. घाईत मेसेज टाइप करून 'उद्या दोन संघ श्वास घेणार आहेत' असं व्यवस्थापकाला पाठवलंस तर तो हसेल, पण ते ऑफिसभर होईल.

आता शेपटांकडं. इंग्रजीची शेपटं अरबीत येत नाहीत असं मी म्हणालो, पण अरबीची स्वतःची शेपटं आहेत आणि ती क्रियापदाच्या मागं कडक बसतात. त्यातलं एक २०२२ च्या विश्वचषकात मला जन्मभराचं पाठ झालं. २२ नोव्हेंबरला लुसैलच्या मैदानावर सौदीनं अर्जेंटिनाला २-१ नं हरवलं. आमच्या दुकानात मालापेक्षा माणसं जास्त होती, टीव्हीवर अरबी समालोचन, सगळे उभे. तिथं कानावर आदळत होतं 'फाझत अला': सौदी अर्जेंटिनावर जिंकला. 'अला' म्हणजे वर. पुढं १८ डिसेंबरला अर्जेंटिनानं फ्रान्सला पेनल्टींवर हरवून कप नेला, तेव्हा तेच क्रियापद वेगळ्या शेपटासह आलं: 'फाझत बिल-कअस', कप जिंकला. माणसावर जिंकायचं तर 'अला', वस्तू जिंकायची तर 'बि'. सौदी अर्जेंटिनावर जिंकला, पण गटातच बाद झाला. अर्जेंटिना सौदीकडून हरला आणि कप घेऊन गेला. दोन शेपटांचा फरक ह्यापेक्षा चांगला कुठलं पुस्तक शिकवणार? मराठीत आपण क्रियापदच बदलतो, माणसाला हरवतो आणि गदा जिंकतो. त्यामुळं आपल्या तोंडी 'फाझ' एकटाच येतो आणि शेपूट राहून जातं. तगल्लब म्हणजे मात केली, त्यालाही 'अला' लागतो. हझम म्हणजे हरवलं, त्याला काहीच लागत नाही, सरळ कर्म.

त्याच स्पर्धेत मोरोक्को उपांत्य फेरीत पोचला, पहिलाच अरब आणि पहिलाच आफ्रिकी देश. तेव्हा तअह्हल हा शब्द इतका ऐकला की चहावाला केरळी पोरगाही म्हणायला लागला. तअह्हल म्हणजे पात्र ठरला, पुढच्या फेरीत गेला. शेपूट 'इला'. जॉइन इनसाठी इन्दम्म, त्यालाही 'इला'.

सगळ्यात घातक शेपूट रगिबचं. रगिब फी म्हणजे हवंसं वाटलं, इच्छा झाली. रगिब अन म्हणजे नको वाटलं, तोंड फिरवलं. क्रियापद तेच. 'गो इन फॉर'साठी मी तिला रगिब फी दिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. एखाद्या संघाला भाग घ्यायची इच्छा आहे असं लिहिताना 'फी'च्या जागी 'अन' पडला, तर त्यांचं नाव वेळापत्रकातून गेलंच.

कॅच अप म्हणजे लहिक बि. फॉल बिहाइंडसाठी कोशात तखल्लफ अन सापडेल आणि ते चूक नाही, पण त्यापासून झालेला मुतखल्लिफ हा शब्द माणसाला लावला तर ती शिवी होते, 'मागासलेला' ह्या अर्थानं. मागं पडलेल्या संघाला मुतअख्खिर म्हणावं. एका गोलनं मागं असेल तर मुतअख्खिर बि-हदफ. हा शब्द उशिरा आलेल्यालाही चालतो, म्हणजे बससाठीही उपयोगी.

राहिली बाहेर पडण्याची क्रियापदं. इथं इंग्रजी यादी अगदीच आंधळी आहे. ड्रॉप आउट, पुल आउट, नॉक आउट, रूल आउट, सगळ्यांच्या मागं एकच 'आउट'. माणूस बाहेर गेला एवढंच कळतं. स्वतःहून गेला की कुणी घालवला, ते क्रियापद पाठ असल्याशिवाय कळत नाही. अरबीत ते घडणीतच दिसतं. सहब म्हणजे ओढलं, इन्सहब म्हणजे स्वतः मागं सरला. ड्रॉप आउट आणि पुल आउट दोन्ही ह्यात बसतात, शेपूट 'मिन'. आपलं 'अंग काढून घेतलं' हे जवळजवळ तेच चित्र. इस्तस्लम म्हणजे शरण गेला, गिव्ह अप. धातू सलामचा, म्हणजे आपल्या सलामीचाही. कुस्ती सलामीनं सुरू होते आणि इस्तस्लमनं संपू शकते. अक्सा म्हणजे लांब घालवलं, बाद केलं. बाद झालेला संघ कर्मणी रूपात येतो, 'उक्सिय'. नॉक आउट पद्धतीला अरबीत एक ठसठशीत नाव आहे, खुरूज अल-मगलूब, म्हणजे हरलेल्यानं बाहेर जायचं. आपल्या 'बाद फेरी'पेक्षा मला ते आवडतं. त्यात कुणी बाहेर जायचं ते स्पष्ट सांगितलंय.

आणि इस्तबअद म्हणजे अपात्र ठरवलं, रूल आउट केलं. बईद म्हणजे दूर. 'दूरचा ठरवला' असा साचा. ह्या शब्दासाठी आमच्या शेजारच्या साताऱ्याचंच उदाहरण आहे. २०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसला माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर धावली. बहारीनची रूथ जेबेट पहिली आली, पण धावपट्टीच्या आत पाय पडला म्हणून तिला अपात्र ठरवलं. म्हणजे 'उस्तुबइदत'. मग बहारीननं दाद मागितली, निर्णय फिरला, जेबेटचं सुवर्ण परत आलं, ललिताला कांस्य मिळालं आणि सुधा सिंग चौथ्या नंबरवर गेली. थोड्या वेळापुरता एका क्रियापदावर पहिल्या चौघींचा नंबर टांगलेला होता. त्यात जेबेटनं स्वतः काहीच सोडलं नव्हतं, म्हणून तिथं इन्सहब लिहिणारा वार्ताहर चुकला असता.

आणि आमच्या सांगलीचा संकेत सरगर. २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा, वेटलिफ्टिंगचा ५५ किलो गट. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी तिसऱ्या प्रयत्नाला पट्ठ्या परत बारकडं गेला. एकूण २४८ किलो, मलेशियाच्या खेळाडूचे २४९. एका किलोनं रौप्य. भाचीनं विचारलं, ह्याला काय म्हणायचं? मी म्हटलं, लम यन्सहिब, लम यस्तस्लिम. मागं सरला नाही, शरण गेला नाही. खसिर, हरला, हे म्हणता येतं, पण मग त्याच्यापुढं 'बि-फारिक कीलो वाहिद' लावायचं: एका किलोच्या फरकानं. ते न लावता नुसतं खसिर म्हणणारा सांगलीत भेटला तर सांगा.

कुस्तीचाच एक शब्द यादीत नव्हता, मीच घुसवला. चितपटला अरबीत 'लम्स अल-अक्ताफ' म्हणतात, खांद्यांचा स्पर्श. त्याच्यात पाठ नाही, आस्मान नाही, नुसते खांदे. आमच्या पंचांचीही नजर तिथंच असते. मैदानावर पहिला वाद पेटतो तो खांदे टेकले की नाही ह्याच्यावरच.

हे सगळं समालोचनाचं आणि पत्रव्यवहाराचं अरबी. रस्त्यावर टॅक्सीवाल्याला इन्सहब म्हटलं तर त्याला कळेल, पण तो तुझ्याकडं बातम्या देणारी बाई असल्यासारखं बघेल. तिथं खलास आणि यल्ला ह्या दोन शब्दांवर दिवस निघतो. तिचं काम पत्रांचं, म्हणून मी पत्रांचंच दिलं. २०३० चं एशियाड दोह्यात आहे आणि २०३४ चं रियाधला, त्यामुळं ही पत्रं बरीच वर्षं येत राहणार.

साइन अपसाठी सज्जल, नोंदवलं. सोपं आहे, सोडून देऊ.

शेवटी तिनं स्वतःच एक शब्द विचारला, यादीबाहेरचा. एका संघाचं पत्र आलं होतं, त्यात 'इअतझर' होतं. तिनं कोश उघडला: माफी मागितली. तिला वाटलं, काहीतरी उशीर झालाय म्हणून बिचारे माफी मागतायत, आणि ती उत्तर लिहायला बसली होती की काही हरकत नाही, आम्ही वाट बघतो. मी म्हटलं, थांब, शेपूट वाच. "अन अल-मुशारका," ती म्हणाली. मग झालं. इअतझर अन अल-मुशारका म्हणजे सहभागाबद्दल दिलगिरी. ते येत नाहीत. आपल्याकडं लग्नाला येणार नसलेला पाहुणा जसा 'क्षमस्व' लिहून मोकळा होतो, तसलं पत्र आहे ते. त्यांच्या नावावरच्या खोल्या सोड, जेवणाचा आकडा कमी करून सांग, आणि ज्या संघाची त्यांच्याशी पहिली लढत होती त्याला आजच फोन कर, त्याला जोड शोधावी लागेल.